इटलीचा दंड मुलुंडला आला, भरायचा की फाडायचा?

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मागच्या मे महिन्यात आम्ही इटलीला गेलो होतो, मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. गाडी भाड्याने घेतली होती, नवऱ्यानेच चालवली. ऑगस्टमध्ये क्रेडिट कार्डवरून ४५ युरो तीन वेळा कापले गेले, आम्हाला वाटलं हाच दंड असणार, विषय संपला. आता मागच्या मंगळवारी फ्लॉरेन्सहून रजिस्टर्ड पोस्टाने तीन पाकिटं आली, प्रत्येकात ८३ युरो आणि वर पोस्टखर्च. एक हॉटेलला पहिल्यांदा गेलो तेव्हाचा, दुसरा त्यानंतर बरोब्बर ११ मिनिटांनी, तिसरा दुसऱ्या दिवशी पिसाहून परत आलो तेव्हाचा. आम्ही सिग्नल तोडला नाही, स्पीड नाही, कोणी अडवलं पण नाही. नवरा म्हणतो फाडून टाक, मुलुंडला कोण येतंय वसूल करायला. सासरे म्हणतात सगळ्यांचा व्हिसा कायमचा बंद होईल. ह्या मे मध्ये स्वित्झर्लंडचं ठरलंय, तिथेही गाडीच घ्यायची आहे. काय करू? – मुलुंड पूर्वची एक वाचक"

अगं, आधी श्वास घे. तुझा मेल वाचल्या वाचल्या मी दोन ओळी पाठवल्या होत्या की पोस्टमनच्या कागदावर सही कुठल्या तारखेला केली ते बघ, ते का ते आता सांगते.

तुम्ही तिघेही थोडे थोडे चुकताय. कार्डवरून गेले ते दंडाचे पैसे नव्हतेच, ती गाडीवाल्या कंपनीची फी. दंड गाडीच्या नंबरवर पडतो, मग तिथले पोलीस कंपनीला विचारतात की त्या दिवशी गाडी कोणाकडे होती, कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि ह्या कळवण्याचे पैसे घेते. तुम्ही काउंटरवर सह्या केल्या ना, त्या कागदात बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं. तीन वेळा नाव कळवलं म्हणून तीन वेळा ४५. खरा दंड नंतर निवांत येतो, कारण परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्यात ३६० दिवस आहेत आणि ते मोजायला सुरुवातसुद्धा साधारण तुमचं नाव त्यांच्या हातात पडल्यापासून होते. त्यामुळे इतक्या महिन्यांनी आलंय म्हणजे फ्रॉड असणार असं धरू नका. तरी खात्री मात्र करून घे, नोटिशीवर गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि कुठल्या गेटवर कॅमेऱ्याने पकडलं ते असतं, ते भाड्याच्या कागदाशी जुळवून बघ. पैसे भरायची वेबसाईट आणि तुझा कोड नोटिशीवरच छापलेला असेल, तो पत्ता हाताने टाईप कर. हल्ली आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर खोट्या चलनाच्या फाईली फिरतायत, उघडली की फोन हॅक. तर मेसेजमधून आलेल्या लिंकवर दंड भरायचा नाही, इथला पण नाही आणि तिथला पण नाही.

आता तुम्ही केलंत काय ते. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांत मधला भाग गाड्यांना बंद असतो, त्याला तिथे झेडटीएल म्हणतात, झोना आ त्राफिको लिमितातो. फ्लॉरेन्स, पिसा, रोम, बोलोन्या, सगळीकडे आहे. आत फक्त रहिवासी आणि परवानगी घेतलेल्या गाड्या. गेट म्हणजे आपल्या टोलनाक्यासारखा दांडा वगैरे काही नाही, लाल गोलाची पांढरी पाटी, खाली वेळा, वर कॅमेरा, आणि बऱ्याच ठिकाणी एक छोटा लाइटचा बोर्ड. त्यावर 'वार्को अत्तीवो' आलं की गेट चालू आहे, म्हणजे तू जाऊ नकोस. इथेच आपले लोक फसतात, 'अॅक्टिव्ह' सारखं काहीतरी दिसतं तर वाटतं रस्ता चालू आहे, चला. उलट 'नॉन अत्तीवो' असेल तेव्हा जाता येतं. मागून गाड्या लागलेल्या, सासूबाई म्हणतायत हॉटेल आलं का, नकाशावाली बाई म्हणतेय डावीकडे वळा, त्या गडबडीत ती पाटी कोण वाचणार. आणि नकाशावाली बाई गेट चालू आहे का बंद ते सांगेलच असं नाही, तिच्यावर विसंबून राहू नका.

११ मिनिटांचं कोडं पण सोपं आहे. वळण चुकलं असणार, गोल फिरून परत त्याच गेटमधून आत आलात. झेडटीएलला प्रत्येक वेळी आत शिरणं हा वेगळा गुन्हा धरतात, त्यामुळे "एकदाच तर चुकलो" हे चालत नाही.

आता भरायचा का? माझं मत, भर. पण आंधळेपणाने नको, आधी एक काम आहे. तुमचं हॉटेल त्या भागाच्या आतच होतं ना? आतली हॉटेलं पाहुण्यांच्या गाडीचा नंबर पालिकेला कळवू शकतात, मग त्या येण्याजाण्याचा दंड लागत नाही. म्हणजे चेक-इनला रिसेप्शनवर गाडीचा नंबर दिला होता का, हे नवऱ्याला आठवायला सांग. दिला असेल आणि त्यांनी कळवलाही असेल तर त्याचा पुरावा मागायचा, आणि दिला असूनही कळवला नसेल तर निदान ते लेखी घ्यायचं. हॉटेलला मेल कर, बुकिंग नंबर, गाडीचा नंबर, दोन्ही तारखा, तिन्ही वेळा. अपील करायचं असेल तर तिथल्या प्रीफेक्टकडे, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारख्या अधिकाऱ्याकडे, ६० दिवसांत करता येतं. पण एक मेख आहे, पैसे भरलेस की अपीलाचा दरवाजा बंद. आणि अपील हरलीस तर रक्कम वाढू शकते. म्हणून पुरावा हातात असेल तरच त्या वाटेला जा, नुसतं "आम्ही टुरिस्ट आहोत, आम्हाला माहीत नव्हतं" एवढ्यावर वेळ घालवू नकोस, ते रोज शेकड्याने तेच वाचत असतील.

सहीची तारीख का विचारली ते आता. नोटीस हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट असते, म्हणजे ८३चे ५८.१० होतात. साठ दिवसांत भरलं तर ८३. साठ दिवस उलटले की थेट १६६. तिन्ही मिळून बघ, १७४.३० किंवा २४९ किंवा ४९८, आणि प्रत्येक वेळी पोस्टखर्च वर. युरो शंभरच्या आसपास धर आणि काय ते डोक्यात कर. मंगळवारी सासऱ्यांनी सही केली असेल तर हा अंक तुझ्या हातात पडेपर्यंत पाच दिवस गेलेले असणार, म्हणून तर मी लगेच कळवलं होतं. कार्डने ऑनलाइन भरायची सोय असेल तर तीच घे, आपल्या बँकेतून बाहेर पैसे पाठवायचे तर फॉर्म, शाखेत खेपा, वर बँकेचे चार्जेस, आणि मध्ये शनिवार-रविवार आला की झालंच. आणि भरल्याची पावती पीडीएफ करून ठेव, तिन्हीची वेगवेगळी.

नवऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे, कोणी मुलुंडला येणार नाही, मी खोटं सांगणार नाही. पण रक्कम वाढत जाते, वसुलीवाल्या कंपनीकडे फाईल जाऊ शकते, मग ते लोक पत्रं पाठवत बसतात. सासऱ्यांना सांग, शेंगेन व्हिसाच्या फॉर्मवर ट्रॅफिकच्या दंडाचा रकाना नाहीये, व्हॉट्सअॅपवर येतं तेवढं घाबरायचं कारण नाही. मग मी भर का म्हणते? कारण चूक तुमची आहे, एवढं साधं आहे. हॉटेल, जेवण, म्युझियमची तिकिटं ह्यात लाखभर घातलेत, त्यात १७-२५ हजारांसाठी वर्षानुवर्षं मनात धाकधूक ठेवायची ही मला परवडणारी गोष्ट वाटत नाही. ज्याला वाटते त्याने ठेवावी.

खरी अडचण दुसरीच आहे आणि ती आपल्या सगळ्यांची आहे, माझी पण होती. तुझं ते वाक्य बघ, "कोणी अडवलं पण नाही". आपण मुंबईत गाडी शिकतो तेव्हा नियम म्हणजे चौकात उभा असलेला माणूस. तो असला की सीटबेल्ट, तो नसला की चालतं. आणि अडवलंच तर बोलता येतं, साहेब पेशंट आहे, साहेब पहिल्यांदाच, साहेब बघा ना काहीतरी. आता ई-चलन आलं तरी सवय गेलेली नाही, लोक चलनं साठवतात आणि लोक अदालतीत कमी होईल म्हणून वाट बघतात. तिकडे बोलायला समोर कोणी नसतंच गं. पाटी आहे, कॅमेरा आहे आणि वर्षभराने पोस्टमन आहे. त्यामुळे वाद घालायची सगळी कला वाया जाते, गाडी सुरू करायच्या आधी पाटी वाचता आली पाहिजे एवढंच काम उरतं.

आणि चुकून पोलीस भेटलाच तर आपली सवय विसरायची. आपल्याकडे अडवलं की आपण उतरून साहेबांकडे जातो, तो आदर असतो. अमेरिकेत हे अजिबात करायचं नाही, गाडीत बसून राहायचं, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, तो खिडकीशी येतो, कागद मागितल्यावर मगच डॅशबोर्ड उघडायचा. आणि पाकिटातून नोट काढून पुढे करायची चूक कुठल्याच देशात करू नका, दंड राहील बाजूला आणि लाच दिल्याची केस होईल.

माझी गंमत सांगते. २०१७ला मी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनच्या बाजूला गाडी चालवत होते, तळ्याकाठचा रस्ता, मध्येच एक गाव लागलं, ५०ची पाटी. मीटरवर ५९ असेल, मुंबईच्या हिशोबाने मी रांगतच होते. सात-आठ महिन्यांनी पत्र आलं. यंत्राची चूक धरून त्यांनी ५ वजा केले होते, म्हणजे ५४, चार किलोमीटर जास्त, दंड ४० फ्रँक. आणि गाडीवाल्याने कळवायची फी घेतली ती ह्याच्यापेक्षा जास्त! मी ते पत्र फ्रिजवर लावून ठेवलं होतं, घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. चार किलोमीटर. आपल्याकडे चार किलोमीटर ही काय मोजायची गोष्ट आहे का.

तर तुमच्या स्वित्झर्लंडसाठी हे लक्षात ठेव. गावात ५०, गावाबाहेर ८०, मोटरवेवर १२०. गावातच ६ ते १० जास्त गेलात तर १२० फ्रँक, ११ ते १५ला २५०, आणि त्याच्या पुढे हे साधं चलन राहत नाही, प्रकरण वर जातं आणि दंड तुमच्या कमाईकडे बघून ठरू शकतो. ५०च्या भागात आणखी ५० वर गेलात तर तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. कमाईप्रमाणे दंडात फिनलंडवाले तर सगळ्यात पुढे, २०२३मध्ये तिथल्या एका श्रीमंत माणसाला ५०च्या जागी ८२ने गेला म्हणून १ लाख २१ हजार युरो बसले. आपण त्या गटात नाही हे एक बरंय.

मोटरवेवर जायचं तर काचेवर व्हिन्येट, म्हणजे टोलचा स्टिकर, लागतं, ४० फ्रँक, वर्षाचं एकच, एक दिवस गेलात तरी तेवढेच, हल्ली ऑनलाइन पण मिळतं. गाडी स्वित्झर्लंडमध्येच घेतलीत तर बहुतेक लावलेलं असतं, पण मिलानहून घेऊन वर जाणार असाल तर विचारा, नसेल आणि पकडलं तर २०० फ्रँक आणि वर व्हिन्येटचे पैसे. दिवसासुद्धा हेडलाइट चालू ठेवायचे. पुढे कॅमेरा आहे असं सांगणारं अॅप तिथे बेकायदा आहे, नवऱ्याच्या फोनमध्ये असेल तर बंद करायला सांग. झेब्रावर माणूस पाय टाकायच्या बेतात असला तरी थांबायचं, म्हणजे खरंच थांबायचं, आपल्यासारखं त्याच्या पुढून वळसा घालून नाही. घाटात पिवळ्या पोस्टाच्या बस येतात, ज्या रस्त्यावर निळ्या पाटीवर पिवळा भोंगा दिसेल तिथे त्या बसचा मान पहिला, ड्रायव्हर सांगेल तसं मागे-पुढे घ्यायचं.

इटलीत परत गेलात तर एक गोष्ट. सी-लिंकवर आपण काय करतो, कॅमेरा दिसला की ८०, गेला की परत पाय दाबला. तिथल्या मोटरवेवर बऱ्याच ठिकाणी दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर आणि लागलेला वेळ बघून सरासरी काढतात, त्यामुळे कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून काही होत नाही. मर्यादा १३० आहे, पाऊस असेल तर ११०, आणि पाऊस आहे की नाही हे वायपरवरून ठरवा. पार्किंगला निळ्या रेषा म्हणजे पैसे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या राखीव. आणि फ्लॉरेन्सला गाडी आत न्यायचीच कशाला, ए-१ मोटरवेवरून थेट व्हिला कोस्तान्झाच्या पार्किंगमध्ये उतरता येतं, तिथे गाडी लावायची आणि टी-१ ट्राम पकडून सांता मारिया नोवेलाला यायचं, आपलं ठाण्याला गाडी लावून लोकल पकडण्यासारखं. मागच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर हे पत्रच आलं नसतं.

मुलाचं विचारलं नाहीस पण मला विचारायचंय, गाडीत त्याच्यासाठी लहान मुलांची सीट घेतली होती ना? सात वर्षांच्या मुलाला दोन्ही देशांत उंचीप्रमाणे सीट किंवा बूस्टर, म्हणजे खाली ठेवायची उंच बैठक, लागतो, दीड मीटर होईपर्यंत. आजीच्या मांडीवर हा प्रकार नाही. बुकिंग करतानाच मागा, काउंटरवर ऐनवेळी मिळेलच असं नाही. आणि पाच जण अधिक बूस्टर म्हणजे मागच्या सीटवर सासू-सासरे आणि तो, मध्यम गाडी घेतलीत तर आठवडाभर रुसवेफुगवे, मोठी घ्या.

लायसन्सचं. इटलीत आपलं लायसन्स एकटं चालत नाही, सोबत इंटरनॅशनल परमिट लागतं, मागच्या वेळी काउंटरवर विचारलं नसेल तर नशीब समजा. तुमचं आरटीओ वडाळा, अर्ज परिवहनच्या साईटवर, फॉर्म ४ए, पासपोर्ट आणि व्हिसाच्या कॉप्या, फी १००० रुपये, एक वर्ष चालतं. ऑनलाइन "दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स" विकणारे बरेच आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आणि परमिट म्हणजे फक्त लायसन्सचं भाषांतर समज, मूळ कार्ड सोबत पाहिजेच. डिजिलॉकर तिकडे कोणी विचारत नाही.

उजव्या बाजूने चालवायचं टेन्शन घेऊ नका, पहिला तास जातो. माझी युक्ती अशी की ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला बसलेला पाहिजे, आपण फुटपाथला चिकटून बसलोय असं वाटलं की चुकलो. चूक होते ती पेट्रोल भरून बाहेर निघताना आणि सकाळी रिकाम्या रस्त्यावर, समोर गाडी नसली की हात आपोआप डावीकडे नेतात. त्या दोन वेळी सासूबाईंना मोठ्याने "उजवीकडे" म्हणायला सांग, त्यांना पण काम मिळेल. जेवणात वाईन घेणार असाल तर त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवायची, तिथली मर्यादा आपल्यापेक्षा थोडी सैल आहे पण तो हिशोब ग्लास हातात घेऊन करायचा नसतो.

बाकी हॉटेलला मेल आजच टाक, उत्तर आलं की मला पाठव, इटालियनमध्ये असेल तरी चालेल. आणि ती तीन पाकिटं जपून ठेव, नुसत्या आतल्या नोटिसा ठेवून पाकिटं रद्दीत टाकू नकोस, पोस्टाचे शिक्के त्यांच्यावर आहेत. टाकली असतील तर रद्दीवाला येण्याआधी आत्ताच उठ.